चार दारांना एकच नंबर

मी निवृत्त शिक्षक. नोकरीत शिकवण्याइतकाच वेळ मोजण्यात गेला. माणसं मोजली, गुरं मोजली, घरं मोजली. एका मोजणीत माझी चूक झाली, असं मी आजवर सांगत आलो. ती चूक नव्हती.

खाणीजवळ, तलावाच्या बांधाखाली मजुरांची एक वस्ती आहे. तिथली कुटुंबं नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. याच यादीवरून पुढे घरकुलं मंजूर होणार, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. नियम असा की एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. शंका आली तर विचारून खात्री करायची.

वस्तीच्या टोकाला चार भावांच्या चार खोल्या होत्या, भिंतीला भिंत लागून. एकेका खोलीत पाच-सहा माणसं. दोघं खाटेवर निजली की बाकीच्यांनी खाटेखाली पाय पसरायचे. आत चूल मांडायला जागा नव्हती, म्हणून चौघांची मिळून अंगणात एक. बाकीच्या जावा कामावर जायच्या, थोरली सगळ्यांचं रांधायची. तिच्यामागे तांदळाचे चार डबे होते, प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. ज्याचे त्याचे तांदूळ, ज्याचा त्याचा संसार.

ते डबे मी पाहिले. पण ऊन चढलं होतं, भंडाऱ्याची एसटी गाठायची होती आणि चार कुटुंबं म्हणजे चार लांबलचक फॉर्म. पहिल्या दारावर गेरूने नंबर टाकला आणि निघालो.

"गुरुजी, दारं चार अन् नंबर एकच काहून?" थोरलीने विचारलं.

"चूल एकच हाय न बाई? मंग कुटुंबही एकच."

"वा जी! तुम्ही हाटेलात जेवता, मंग हाटेलवाल्याच्या घरचे झाले काय?"

घरी असलेली धाकटी जाऊ खदखदून हसली. मीही हसलो, आणि फॉर्म पिशवीत टाकले.

अशा सामाईक चुली वस्तीत आणखी होत्या. तिथेही मी हेच केलं. खोल्यांत माणसं मावत नव्हती आणि माझ्या कागदावर कुटुंबं कमी भरून वस्ती विरळ झाली. कागदावरच्या तेवढ्याच कुटुंबांच्या हिशोबाने वस्तीला नळ एकच आला. या चार भावांत घरकुल एकच आलं, थोरल्याच्या नावे. तिघांनी आधी भांडण केलं, मग बोलणं टाकलं. धाकटा बायकोमुलांना घेऊन वीटभट्टीवर गेला, तो परतलाच नाही.

यंदा मी तिथे गेलो. थोरली घरकुलाच्या मागे चुलीशी बसली होती. पलीकडे दोन जावांच्या दोन चुली, मध्ये तुराट्यांचं कुंपण. तिने मला लगेच ओळखलं.

"तुमची यादी आली अन् आमची चूल फुटली, गुरुजी. आता अलग अलग हाय. आता मोजाले येता काय?"

नियम पाळताना चूक झाली, हे वाक्य ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं तेच वापरलं होतं. ते गिळलं.

"बाई, ते चार डबे मी पाहिले होते."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मले माहीत हाय. तुम्ही डब्यांकडं पाहून राहिले होते, तवा मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, आता गुरुजी इचारतीन."