टाकीतल्या पेशी आणि मनगटावरचं घड्याळ

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना एसटीत शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय काम करतं बापू?"

मी हैदराबादला गुरांच्या लाळ्या-खुरकुताची लस बनवायचो, आणि सांगायला माणूस शोधतच होतो. प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी आम्ही भल्यामोठ्या टाकीत वाढवतो, त्यांना ऊब, हवा, खाणं सगळं घड्याळावर लागतं, हे माझं व्याख्यान वायगाव मागे पडलं तरी चालूच होतं. म्हातारी सुपारी चघळत माझ्या मनगटाकडे बघत होती. मला वाटलं, घड्याळ आवडलं.

"त्याइले येळेवर चारतं," ती म्हणाली, "मंग तू काऊन वाळून राह्यला?" आणि फडक्यातली भाकर पुढे केली.

शास्त्रज्ञाच्या रुबाबात मी नको म्हणालो आणि घेतली. पहिला घास तोंडाशी नेला, तसं घड्याळ घसरून थेट कोपरापाशी आलं.