तांबड्या पेशीतला ठिपका

“गुरुजी, तुम्हाला मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया झालाय,” नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सवयीनं म्हणालो, “म्हणजे काय, जरा फोड करून सांगा.” सातवीच्या वर्गात पोरांना मी रोज हेच म्हणतो.

बाईंनी फोड केली. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी झाल्या होत्या, आणि उरलेल्या नको तेवढ्या मोठ्या नि अर्धवट तयार झालेल्या होत्या. पेशी हा शब्द ऐकून मला चक्क बरं वाटलं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात बारा वर्षं मी पेशी शिकवत होतो, पण एकही पाहिली नव्हती. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. पुस्तकातलं चित्र आणि माझा खडू, एवढंच भांडवल.

हे लिहितोय ते अशीच लक्षणं अंगावर काढणाऱ्यांसाठी. माझी सुरुवात जिभेपासून झाली. ती लालभडक आणि गुळगुळीत झाली, ठेचा लागला की आग व्हायची. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मांडी घालून फार बसतो म्हणून होत असेल, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. पुढं चार पावलांत दम लागायला लागला. लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या संपवल्या, त्यानं फक्त तोंडाची चव गेली.

एका सकाळी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले आणि न्हाणीत आडवा झालो. तेव्हा मात्र घाबरलो. डोळे उघडे असले तर उभा राहत होतो, मिटले की पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळत नव्हतं. शाळा आमच्या घरापासून दोन मैलांवर, मध्ये ओढा. ज्याला धड उभं राहता येत नाही त्यानं मास्तरकी कशी करायची?

दवाखान्यात बाईंनीही मला डोळे मिटून उभं केलं. मी डुललो, त्यांनी दंड धरला. मग खाण्याची चौकशी सुरू झाली. मी माळकरी, त्यामुळे मांस, मासे, अंडी वर्ज्य.

“दूध?” त्यांनी विचारलं.

सोबत आलेली माझी बायको, गया, पदर सावरत म्हणाली, “दूध न्हाई, दही न्हाई, ताक बी न्हाई. सा वर्सं झाली बाई.”

सहा वर्षांपूर्वी आमची सुशी घटसर्पानं घुसमटत होती. पोरगी वाचली तर जन्मभर दुधाला शिवणार नाही, असं मी देवापुढं बोललो. आमच्याकडं सोडायची ती आवडतीच वस्तू. कारलं सोडून देव फसत नाही. मला तर वाटीभर साईशिवाय झोप येत नसे. सुशी वाचली आणि मी शब्द पाळला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व असतं. ते आपल्याला मांस, अंडी नाहीतर दुधातूनच मिळतं. ते नसलं की पेशी नुसती फुगत जाते, वेळेवर विभागत नाही. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. ज्वारीचं पेव समजा. तुमचं पेव आता तळाला गेलंय. आणखी उशीर केलात तर पायांच्या नसा परत यायच्या नाहीत.”

भीती वाटलीच, पण खरं सांगतो, कुतूहलही तेवढंच होतं. मी म्हणालो, “बाई, माझं रक्त मला बघू द्या.”

त्यांनी मला धरून प्रयोगशाळेत नेलं. मी एक डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग एकदम गुलाबी चकत्या, मध्ये फिकट झालेल्या. पण केंद्रक कुठं होतं? मी फळ्यावर तांबड्या खडूनं गोल काढून मध्ये निळा ठिपका द्यायचो. पेशी म्हटली की केंद्रक, हे मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. काच सरकवता सरकवता एक सापडली, मोठी, मध्ये ठसठशीत जांभळा ठिपका असलेली.

“ही बघा, अगदी माझ्या चित्रासारखी,” मी हरखून म्हणालो.

बाईंनी पाहिलं. “गुरुजी, तोच तर तुमचा आजार. तांबडी पेशी हाडातल्या मज्जेत तयार होते आणि बाहेर पडण्याआधी केंद्रक टाकून देते. प्राणवायू वाहायला जागा मोकळी करते. ही कच्चीच बाहेर आलीय.”

बारा वर्षं मी पोरांना आजारी पेशी शिकवत होतो. लाज वाटली.

इंजेक्शन समोर आलं तेव्हा मी विचारलं, हे जनावराच्या यकृतातून काढतात का. पूर्वी तसं काढत, आता जंतू वाढवून त्यांच्याकडून करून घेतात, असं बाई म्हणाल्या. एकाच पेशीचे जीव ते, आणि माझ्या कोट्यवधी पेशींना सांभाळणार. तरी नवसाच्या विचारानं मन खात होतं. पोरीला काही झालं तर?

गयानंच निकाल दिला. “नवस तोंडाचा हुता. सुई दंडात जाती. देवाला येवढं कळतंय.”

जीभ चार दिवसांत थंडावली. आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा रक्त दाखवलं. नव्या ताज्या पेशींची झुंबड उडाली होती. पाय मात्र हट्टी निघाले, त्यांनी तीन महिने घेतले. इंजेक्शन आता महिन्याला एक, कायमचं. दूध अजून सोडलेलंच आहे. तुम्ही काही सोडलं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, एवढंच माझं सांगणं.

शाळेत गेलो त्या दिवशी फळ्यावर तांबडी पेशी काढली, ठिपक्याशिवाय. सुशी आता सातवीत आहे. तिनंच हात वर केला.

“गुरुजी, ठिपका राह्यला. तुमीच शिकवला हुता.”

“शिकवला होता. चुकला होता,” मी म्हणालो. पेशी केंद्रक कसं टाकून देते ते तिला दिसावं म्हणून ठिपका काढला आणि पुसला. त्या क्षणी बाईंचे, गयाचे, त्या अदृश्य जंतूंचेही उपकार मनात दाटून आले.

पुसताना खडूची धूळ उडाली आणि मी डोळे गच्च मिटले. मिटल्यावर लक्षात आलं, मी उभाच होतो.