सासूबाईंनी भरलेला फॉर्म

फॉर्मच्या समासात निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘सासूबाईंना विचारून.’

डॉक्टरसाहेबांनी तो माझ्या टेबलावर टाकला. “मॅडम, ही सरळ कॉपी आहे. बाद करा हिला.”

बीडमधल्या त्या खाजगी हॉस्पिटलला मदत खिडकीवर एक बाई हवी होती. चिडलेल्या नातेवाइकांना सांभाळायचं काम. मी मानसशास्त्राची, त्यामुळे निवड माझ्याकडे. स्वभावाची चाचणी म्हणजे चाळीस वाक्यं. प्रत्येकापुढे ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’ अशी खूण करायची. हॉल रिकामा नव्हता म्हणून मी फॉर्म घरी दिले. चूक माझीच.

बाकीचे अकरा फॉर्म बघून मी कपाळाला हात लावला. ‘मला कधीच राग येत नाही’ हे अकराही जणींना पटलं होतं. असली वाक्यं आम्ही मुद्दाम घालतो, कोण रंगवून सांगतंय ते कळावं म्हणून. कुठल्याशा क्लासने उत्तरं पाठ करून घेतली होती. आमच्याकडे स्वभावाचाही क्लास लागतो.

समासात लिहिलेला तो बारावा फॉर्म सुनीताचा. तिला बोलावलं. गावठी बोलते म्हणून दोन ठिकाणी नाकारलेली. ही तिसरी खेप, चेहरा उतरलेला.

“सासूला का विचारलंस गं?”

“स्वतःची टिमकी कशी वाजवू, मॅडम? आन् माझा सोभाव त्यांनाच जास्त ठाव हाय.”

सासूबाई बाहेर बाकावरच होत्या. त्याच आत आल्या. “मी खोटं कशाला सांगू? लई तोंडाळ हाय. राग बी येतो. पण वरडणाऱ्याला आधी पाणी देती, मंग ऐकवती. मला बी तसंच करती.”

मला हसू आवरेना. माणसाचा मूळ स्वभाव जवळच्यांना विचारणं, ही आमच्या कामातली मान्य रीतच आहे. मी तीच विसरले होते.

“सर, आठ दिवस ट्रायल घ्या,” मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं.

“फसलं तर?”

“तर खिडकीवर मी बसते.”

तिसऱ्याच दिवशी एक दांडगा गडी खिडकी बडवू लागला. रिपोर्ट सापडत नव्हता. डॉक्टरसाहेब आणि मी जिन्यात उभे. सुनीताने पाण्याचा ग्लास पुढे केला. “घ्या दादा. मंग वरडा.” तो प्यायला. मग तिने त्याला, पेशंट झोपलेत, म्हणून चांगलंच झापलं आणि उठून रिपोर्ट शोधून दिला. जाताना गडी तिला ताई म्हणाला.

“ऑर्डर टाइप करा,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

इतका आनंद झाला की पेढे मीच आणले. सासूबाईही आल्या. “मॅडम, उत्तरं मी सांगितली. मला किती मार्क पडले?”

तेव्हापासून एक फॉर्म उमेदवाराला देते, एक घरच्यांना. हौस म्हणून माझाही नवऱ्याला दिला होता. त्यांनी चाळीस वाक्यं भरून समासातही बरंच लिहिलंय. तो मी अजून तपासलेला नाही.