दोन खाचा, दोन रिंगा

वहिनीच्या दिराला घरात सगळे 'उघडमास्तर' म्हणत, अर्थात त्याच्या माघारी. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, शिलाई मशीन... उघडायला त्याला दहा मिनिटं पुरत, मिटायला आयुष्य पुरत नसे. घड्याळ तर दोन वर्षं चपलांच्या खोक्यात पावणेचार वाजवून पडलं होतं.

शनिवारी त्याने वहिनीच्या स्कूटरला हात घातला. ती धूर ओकत होती हे खरं.

"गॅरेजवाला लुटेल, वहिनी. आतला कार्बन काढला की झालं. घरचं काम आहे!"

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सोमवारी सकाळी सहाला लॅबचं कुलूप तिलाच काढायचं होतं, आणि त्या वेळी बसचा पत्ता नसे. मास्तरांची स्वतःची मोटरसायकल मात्र चादरीखाली सुखात होती. तिच्या एकाही नटाला त्यांनी कधी पाना लावला नव्हता. हात बसवायला दुसऱ्याची गाडी बरी असते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर अख्खं इंजिन पसरलं होतं. पिस्टन रॉकेलमध्ये डुंबत होता, तोही वहिनीच्या पातेल्यात. त्याच्या डोक्यावर करपलेल्या दुधासारखा काळा थर होता.

"लाकडी उलथन्याने खरवडा, भाऊजी. स्क्रूड्रायव्हरने चरे पडतील."

"वहिनी, हे इंजिन आहे, भांडं नाही."

चरे पडले.

मग राहिल्या पिस्टनवर रिंगा बसायच्या खाचा. मोबाइलवर कुणी महाशय सांगत होते की जुनी रिंग मोडून तिच्या तुटक्या टोकाने खाच खरवडावी. रिंग खाचेच्या मापाचीच असते. मास्तरांनी अर्धं ऐकलं आणि पूर्ण मोडलं.

वहिनी पातेलं न्यायला आली, तर झिजलेल्या जुन्या रिंगा टूथब्रशने घासून चकचकीत मांडलेल्या. शेजारी तिने शनिवारी दोन दुकानं पालथी घालून आणलेलं नव्या रिंगांचं पाकीट. रिकामं.

"नवी मोडलीत?"

"जुन्या इतक्या मेहनतीने घासल्यात, त्या कशाला मोडू? आणि नव्यांना धार जास्त."

"दोन्ही?"

"खाचा दोन आहेत ना!"

दुकानं बंद होती. नवऱ्याने वर्तमानपत्राआडून भावाची बाजू घेतली. "त्याचा हेतू चांगला होता गं."

"हेतूवर बसून लॅबला जाऊ?" वहिनीने विचारलं. वर्तमानपत्र थोडं वर सरकलं.

सोमवारी साडेपाचला अंगणात किक बसल्याचा आवाज झाला, तसे मास्तर अनवाणी धावत आले. चादर जमिनीवर होती आणि वहिनी मोटरसायकलवर.

"वहिनी, ती गिअरची आहे!"

"माहितीये. तुम्ही पाटीवर गिरवत होतात, तेव्हा मी वडिलांची चालवायचे."

"पण परत कधी देणार?"

"माझी स्कूटर सुरू झाली की. घरचंच तर काम आहे."

मास्तरांनी चादर उचलून छातीशी धरली. वहिनीने गिअर टाकला, मग मागे वळून त्यांच्या काळ्या नखांकडे पाहिलं.

"ती खाली ठेवा आधी. धुवायची मलाच आहे."