मोरचूद घातलेली खळ

कुठे खळ शिजत असली की मला अकोल्याच्या वाचनालयातला सदुसष्टचा जून आठवतो. फाटकी पुस्तकं चिकटवायला मी खळ शिजवायचो, कसर लागू नये म्हणून मोरचूद घालून. त्यातलीच वाटीभर घेऊन माझ्या सोबतच्या कारकुनाने वर्तमानपत्रातलं एक चित्र सूचनाफलकावर डकवलं. चित्रात इस्रायलच्या युद्धात घरदार सुटलेली, डोक्यावर गाठोडी घेऊन मोडका पूल ओलांडणारी पॅलेस्टाइनची माणसं होती. खाली त्याने लिहिलं, ‘आम्ही यांच्यासोबत.’ दुपारी चिटणीस वकीलसाहेब आले. म्हणाले, “वाचनालयाला बाजू नसते. काढा ते.” “मंग दोन वर्सं आधी पाकिस्तानच्या लढाईच्या वर्गणीचा कागद लावला, तो काहून चालला?” कारकुनाने विचारलं. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओलं फडकं घेतलं. खळ माझ्याच हातची, पक्की. कागद निघेना, म्हणून नखांनी खरवडत राहिलो. माणसं निघाली, गाठोडी तेवढी फलकावर राहिली. “तुनं तरी काढाले नव्हतं पायजे,” एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. पुढे माझ्या निवृत्तीच्या सत्कारात कोणी म्हणालं, हा माणूस कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. टाळ्या वाजल्या, आणि मी नखं मुठीत लपवली.