पितृपक्षातलं नॉमिनेशन

श्रीरंग देवतळेइतका गरीब स्वभावाचा माणूस आमच्या अख्ख्या चेरीताल मोहल्ल्यात नसेल, आणि मले तर गरीब स्वभावाच्या माणसाचा रागच येते बाप्पा. आमची घरं भिंतीले भिंत लागून. छावणीतल्या सदर बाजारात एका बेकरीत तो मुख्य कारागीर. फौजी घरांतल्या वाढदिवसांचे केक त्याच्याच हातचे. केस पिठानं पांढरे झाले की वयानं, ते त्याचं त्याले माहीत. मालक मात्र अजून "अरे सुन" म्हणूनच हाक मारते.

अशा माणसाले कॅनडातल्या एका लहानशा गावानं बोलावलं! तिथल्या बेकरीवाल्यानं व्हिडिओवर त्याचं काम पाहिलं अन् नोकरीचं पत्र धाडलं. पण नुसत्या नोकरीनं तिकडं भागत नाही. तिथल्या राज्यानं आधी म्हणावं लागते, की हा कारागीर आमच्याकडं पाहिजे. मगच मोठं सरकार कायमचं राहू देते. या शिफारशीले म्हणतात नॉमिनेशन. श्रीरंग चव्वेचाळीसचा. पंचेचाळीस पूर्ण झाले की अर्जात वयाचे मार्क शून्य, म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. त्याची बायको विनता आपल्या पोरीले, शकुले, इंग्रजी बोलायले लावायची. मी पहिल्यांदाच त्या घरातून हसण्याचे आवाज ऐकून राहिली होती.

कागद तयार झाले अन् लागला पितृपक्ष.

मी वाटीभर भाजी द्यायले गेली होती, तेव्हाची गोष्ट. श्रीरंग आईले, म्हणजे इंदूकाकूंले, म्हणाला, "आई, उद्या नॉमिनेशनचा अर्ज टाकतो."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. श्रीरंगचे बाबा गेले तेव्हा बँकेत, पीएफच्या ऑफिसात, जिथं जाव तिथं त्यांले एकच विचारलं होतं, नॉमिनी कोण? काकूंच्या लेखी तो शब्दच मरणाचा.

"बाबांची तिथी व्हायची आहे, अन् तू या दिवसांत नॉमिनी करून राहिला? काहून असं अभद्र बोलतं रे?"

श्रीरंग हसला. "अवं आई, तो नॉमिनी वेगळा. हा जित्या माणसाचा असते."

"असू दे. घटस्थापनेले टाक. पंधरा दिवसांत कॅनडा काय पळून जाते?"

माझ्यानं राहवलं नाही. "काकू, आपले पितर तिकडच्या सरकारले काय ठाऊक? टाकू द्या ना त्याले!" पण काकू हट्टाले पेटल्या, डोळ्याले पदर लावला. झालं! श्रीरंग विरघळला. "जाऊ द्या बेबीताई. आईचं मन राहीन." मन राहीन म्हणे! मी कपाळावर हात मारला अन् घरी आली.

बाबांचं श्राद्ध छान झालं. कावळाही लवकर शिवला. काकू खूश.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी अर्जाचं काम पाहणाऱ्या, सिव्हिक सेंटरमधल्या एजंटाचा फोन आला. विनतानं मले हाक मारून बोलावलं. फोन स्पीकरवर होता.

"भैया, रूल बदल गया. होटल-बेकरी वालों में अब सिर्फ़ उन्हीं को नॉमिनेट करेंगे जो पहले से वहाँ काम कर रहे हैं. बाहर वालों का बंद."

श्रीरंगनं हळूच विचारलं, "और जिन्होंने पहले डाल दिया था?"

"उनका चलेगा. आपका तो डला ही नहीं न, भैया."

विनतानं गॅस बंद केला अन् तिथंच फरशीवर बसली. श्रीरंग "अच्छा जी, अच्छा जी" म्हणत राहिला. फोन कटला होता, तरी म्हणत राहिला. मले इतका संताप आला की वाटलं, आत्ता जाऊन काकूंले देवघरातून उठवाव अन् सांगाव, पाहा तुमच्या पंधरवड्यानं काय केलं! मी उठलीही. त्यानं माझा हात धरला. "नका सांगू, बेबीताई. तिले रडवून मले काय व्हिसा भेटणार आहे?"

नाही सांगितलं. पुढं तिकडच्या बेकरीवाल्यानं दुसरा माणूस ठेवला. तिकडच्या दुसऱ्या राज्यांत विचारलं, तिथंही तेच. अन् काकू? त्यांले वाटे, अर्ज घटस्थापनेलेच गेला. त्या गल्लीभर सांगत फिरत, "आमच्या श्रीरंगचं कॅनडाचं होऊन राहिलं." रोज विचारत, व्हिसा आला का रे? तो म्हणे, येईन.

माघात त्याले पंचेचाळीस पूर्ण झाले. काकूंनी सकाळीच पाटावर बसवून ओवाळलं. मीही होती. ओवाळता ओवाळता त्यांनी ताम्हण खाली ठेवलं.

"श्रीरंग, एक सांगू? मनातून मीच तुले अडवून राहिली होती रे. वाटे, हा गेला तर शेवटचं पाणी मले कोण पाजीन? म्हणूनच देव ऐकत नसन. आता नाही अडवत. व्हिसा आला की मागं पाहू नको. खुशीनं जा, बेटा."

विनता तोंडात पदर कोंबून आत पळाली. मलेही रडू आवरलं नाही, खोटं काहून बोलू?

श्रीरंग वाकला, आईच्या पाया पडला. मग डबा उचलला, चपला घातल्या.

"येतो, आई," म्हणाला, अन् सदरले बेकरीत गेला.