कापलेल्या स्प्रिंगा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोथरूडला कळलं असतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. दुसरं कारण शोधू नका.

गाडीपासून सुरुवात करते, कारण गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची गाडी अमेरिकन होती, आमच्या दोघांच्या जन्माआधीची. लांबलचक बॉनेट, दोन दारं, नको इतकं मोठं इंजिन. मसल कार म्हणतात तशी. उजव्या स्टिअरिंगची म्हणून त्याने ती ऑस्ट्रेलियातून आणवली होती. आम्ही राहतो त्या सिंगापुरात अशी जुनी गाडी वर्षातले ठरावीकच दिवस रस्त्यावर काढता येते. बाकीचे दिवस ती बुओना व्हिस्टाच्या आमच्या काँडोच्या तळघरात उभी असे, आणि श्रीकांत तिच्याभोवती. सरळ रस्त्यावर ती झकास पळायची. वळणावर मात्र होडीसारखी कलायची, ब्रेक दाबला की नाक खाली घालायची. चाकं लहान, टायर उंच आणि फुगीर. श्रीकांतला ती वरून होती तशीच जुनी हवी होती आणि खालून आजची.

हे काम त्याने नंदूबरोबर काढलं. नंदू — नंदकुमार — त्याचा पुण्यातला कॉलेजचा मित्र. इथे विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा. लग्न केलेलं नाही, स्वयंपाक येत नाही, त्यामुळे शनिवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. सकाळी दोघं जुरोंग ईस्टकडच्या एका गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून खाली उभे राहत आणि दुपारी ग्रीसचा वास घेऊन माझ्या टेबलाशी येत. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, गॅसचे शॉक ॲब्झॉर्बर आले, पुढे डिस्क ब्रेक लागले, मोठी रुंद चाकं आली. गाडी खाली बसली. जमिनीला पोट टेकवून दबा धरल्यासारखी दिसायला लागली. त्याला ते स्टान्स म्हणतात. श्रीकांत तळघरात फरशीवर गाल टेकवून तो स्टान्स बघायचा — पन्नाशी उलटलेला माणूस.

दोन गोष्टी मात्र नियमात बसत नव्हत्या. नवी चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती. ते कुणालाही दिसलं असतं. आणि पुढच्या नव्या आखूड स्प्रिंगा यायला उशीर होत होता, म्हणून श्रीकांतने जुन्याच कापून लहान करून बसवल्या होत्या. हे बाहेरून दिसत नव्हतं. नंदूला दोन्ही पसंत नव्हतं.

"चाकं आत घे, श्रीक्या. आणि स्प्रिंगा येईपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस. इथे हे चालत नाही."

"तू पुण्यात स्कूटरवर नुसता हात दाखवून कुठेही वळायचास ना रे?"

"वळायचो. म्हणून तर मागे कुणी बसायचं नाही."

दोघं हसले. मी स्वयंपाकघरात कोशिंबिरीला फोडणी देत होते. ऐकत होते. मी नेहमीच ऐकायचे — पण मला गाडीतलं काही कळतं, हे त्या दोघांच्या कधी डोक्यातही आलं नाही.

आता ते सांगते, ज्यामुळे सगळं झालं. नाही — ज्यामुळे म्हणणं बरोबर नाही. त्याच्या आधी काय झालं, ते सांगते.

मंडळाचा गणपती होता, तोआ पायोहमधल्या एका हॉलमध्ये. श्रीकांत म्हणाला, आज गाडी काढू. माझा गुडघा तेव्हा सुजलेला होता. जिने टाळत होते, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा शोधत होते. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. पैठणी नेसून त्या सीटवर बसले — बसले कसली, पडले. हॉलसमोर गाडी थांबली, लोक गोळा झाले, फोन निघाले. आणि मला उतरता येईना. एक पाय बाहेर, एक आत, पदर दारात अडकलेला. दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोनदा परत बसले.

श्रीकांत सगळ्यांकडे बघून म्हणाला, "अरे, कुणीतरी जॅक आणा रे! हिला जॅक लावल्याशिवाय जमायचं नाही!"

हशा झाला. चांगला मोठा. आमची मुलगी इरा पण हसली — "आई, रिलॅक्स लाह!" — इथली पोरं बोलतात तसं — आणि तिनेही फोन वर धरला. वाईट मनाचं कुणी नव्हतं. मीही हसले असेन. नंदू मात्र गर्दीतून पुढे आला, पदर सोडवला आणि हात पुढे केला. "सावकाश, वहिनी. गुडघा आहे का?" एवढंच.

लक्षात ठेवा, विचारणारा तो होता.

सोमवारी ऑफिसला जाताना मी एमआरटीत बसून तक्रार केली. वाहतुकीचे नियम बघणाऱ्या खात्याकडे, फोनवरच लिहून, नाव न देता. मालवाहतुकीच्या कंपनीत माझं अर्धं आयुष्य तक्रारी लिहिण्यात गेलंय, तेव्हा ती कशी लिहायची ते मला शिकवावं लागत नाही. विशेषणं नकोत, नेमकं लिहायचं, फोटो जोडायचा. बाहेर आलेल्या चाकाचा फोटो आदल्या दिवशीच तळघरात काढला होता. आणि स्प्रिंगांचंही लिहिलं. का लिहिलं? चाकाने काम झालं असतं. पण मला माझी तक्रार अर्धवट आवडत नाही.

कापलेल्या स्प्रिंगांवर गाडी चालवणं धोक्याचं असतं. खरं आहे. पण त्या सकाळी मला गाडीतल्या कुणाच्या जिवाची काळजी नव्हती. मला श्रीकांतला खाली बसलेलं बघायचं होतं.

गाडी तपासणीला बोलावली गेली. तपासणाऱ्याने चाकांकडे नुसतं पाहिलं आणि वाकून थेट पुढच्या स्प्रिंगांवर टॉर्च मारला. चाकं आणि स्प्रिंगा नियमात बसवा, तोवर गाडी रस्त्यावर आणू नका, असा हुकूम झाला. श्रीकांत घरी आला तो पांढरा पडून. मी भेंडी पुसत होते.

"त्याला स्प्रिंगांचं माहीत होतं," तो म्हणाला. "आल्या आल्या तिथेच बघितलं त्याने. हे मी आणि नंदू सोडून कुणाला माहीत होतं, सांग?"

मी काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. निदान गप्प बसायचं. पण मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, "त्याचा स्वभावच तसा आहे. नियम म्हणजे नियम."

कबुली द्यायची आहे ती या वाक्याची. तक्रार रागात झाली, असं कुणी म्हणेल. हे वाक्य रागात नव्हतं. भेंडी पुसता पुसता, नेहमीच्या आवाजात म्हटलेलं होतं, आणि ते बोलताना मला हलकं वाटलं होतं — हेही लिहून टाकते.

श्रीकांत भांडणारा नव्हता. त्याने नंदूला काही विचारलं नाही, फक्त फोन घेणं बंद केलं. नंदूला कारण कळलं ते तिसऱ्याच कुणाकडून. एका शनिवारी तो जेवणाच्या वेळेला दारात उभा राहिला, हातात खोकं. स्प्रिंगा त्याच्या पत्त्यावर आल्या होत्या. "वहिनी, त्याला म्हणावं दोन मिनिटं बोल. मी असं करेन का?"

श्रीकांत आतल्या खोलीत जागा होता. टीव्हीचा आवाज दारापर्यंत येत होता. मी म्हणाले, "झोपलाय हो, भावजी. बरं नाहीये त्याला." नंदूने तो आवाज ऐकला. माझ्याकडे बघितलं, खोकं खाली ठेवलं, चपला घातल्या. त्याला वाटलं, श्रीकांतनेच मला तसं सांगायला लावलंय. आणि श्रीकांतला मी सांगितलं, स्प्रिंगा कुरियरने आल्या. नंदू आला होता हे त्याला कधीच कळलं नाही.

त्या स्प्रिंगा बसल्या नाहीत. एकट्याने करायचं काम नव्हतं, आणि मेकॅनिककडे टाकायला त्याचं मन घेईना. गाडी तळघरात धूळ खात राहिली, मग त्याने ती परदेशात विकून टाकली. नंदूचं इथलं काम संपलं, इथे राहायचा पास संपला, तो युरोपात गेला. श्रीकांत शनिवारी सकाळी उशिरापर्यंत पेपर वाचत बसायला लागला. मला हवा तसा घरात होता तो. आम्ही समोरासमोर बसून चहा घ्यायचो. काय बोलायचो, आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

त्या वर्षांत मला किती शनिवार मिळाले सांगायला! गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसून राहिला, सूप भरवलं, आणि एकदा म्हणाला, "नंदूने असं करायला नको होतं गं. मला तोंडावर शिव्या द्यायच्या होत्यास म्हणावं." तेव्हाही मी सूप गिळलं.

गेल्या वर्षी श्रीकांत गेला. हृदय. सकाळी ऑफिसला निघाला तो लिफ्टपर्यंतच पोचला.

तेरावा झाल्यावर नंदूचा फोन आला. कुठून तरी कळलं होतं त्याला. आधी रीतसर बोलला — इरा कशी आहे, तुम्ही जेवता का. मग म्हणाला, "वहिनी, एक विचारतो, राग मानू नका. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं का, की मीच तक्रार केली?"

खरं सांगायला त्याहून सोपी वेळ परत येणार नव्हती. ऐकणारा जिवंत होता, आणि ज्याच्या रागाची मला भीती होती तो गेला होता. मी तोंड उघडलं — आणि म्हणाले, "नाही हो, भावजी. त्याला कळलं होतं नंतर, तुम्ही नव्हता ते."

पलीकडे नंदू रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मला वाटलं, चला, एवढं तरी बरं झालं. नाक पुसल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "कळलं होतं, तर मग त्याने मला फोन का नाही केला?"

मी म्हणाले, "राहून गेलं असेल."

बरं, म्हणाला तो. काळजी घ्या, म्हणाला, आणि फोन ठेवला.

आधी त्याच्याकडे निदान एक कारण होतं — मित्राचा गैरसमज झाला. आता तेही नाही. मित्राला खरं माहीत होतं आणि तरी त्याला आपण नकोच होतो, असं समजून तो माणूस तिकडे एकटा राहतोय. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी लावलेला नाही.